भारवाहू गाडीस शर्यतीचें एंजिन

ज्यास बैलांची पारख आहे त्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. अलिबागच्या किनाऱ्यावर जी जोडी वाऱ्याशीं पैज लावून धांवते, ती आषाढांत चिखळणीस जुंपावी असें कोणाहि शहाण्या शेतकऱ्याच्या मनांत येत नाहीं. शर्यतीचा बैल वेगळा, औताचा वेगळा. दोघांचा खुराक वेगळा, चाल वेगळी, दम वेगळा, आणि बाजारांतील मोलहि वेगळें. परंतु हाच शेतकरी गोठा सोडून मोटारीकडे वळला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची ही पारख उंबऱ्याशींच ठेवून येतो कीं काय, अशी शंका यावी असे प्रकार हल्लीं आमच्या दृष्टीस पडूं लागले आहेत. त्यांपैकीं एका प्रकाराविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमच्या गडब, कासू, वडखळ या भागांत आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं पिकअप गाडी उभी असते. भात गिरणीवर नेणें, वाल आणि भाजीपाला पनवेल-वाशीच्या बाजारीं पोंचविणें, गणेश चतुर्थीपूर्वी पेण-हमरापूरकडील मूर्ति दूरवर वाहून नेणें, अशीं कामें ती गाडी वर्षभर करते व दोन पैसे घरांत आणते. अशा गाडीचें एंजिन झिजलें, कीं घरांतील तरुण मुलांच्या मनांत एक नवीच कल्पना शिरते. कोठें तरी अपघातांत मोडलेल्या वेगवान मोटारीचें एंजिन व गिअरबॉक्स भंगाराच्या बाजारांत स्वस्तांत मिळते. तें आणून आपल्या पिकअपला बसविलें, कीं गाडी दुप्पट जोराची झाली! मोबाइलच्या पडद्यावर परदेशांतील हौशी लोकांचे असले प्रयोग दिसतात, आणि तेथें एका घटकेंत जें जुळतांना दिसतें तें आपल्या गॅरेजांतहि तसेंच जुळेल असें वाटूं लागतें.

आमच्या आप्तवर्गांतील एका तरुणानें हा उद्योग प्रत्यक्ष केला. मुलगा कष्टाळू, निर्व्यसनी, आणि हातानें कुशल. एंजिन बसलें, गाडी चालूंहि लागली, आणि पहिले कांहीं दिवस महामार्गावर त्याची गाडी पाहण्यास लोक थांबत. नंतर एके दिवशीं भरल्या गाडीचा मागच्या आंसाकडे जाणारा शाफ्ट तुटला. तो नवीन घातला. पुढें पावसाच्या तोंडाशीं, एका उतारावर, तापलेल्या ब्रेकांनीं दगा दिला आणि गाडी विजेच्या खांबावर गेली. सुदैवानें जीवितहानि झाली नाहीं. शेजारीं बसलेल्या मजुराचा पाय मात्र मोडला. विमा कंपनीच्या मनुष्यानें एंजिनाचा क्रमांक पाहिला, नोंदणीच्या कागदावरील क्रमांक पाहिला, आणि दोहोंचा मेळ नाहीं असें पाहून मागणी फेटाळली. मजुराचा दवाखाना, खांबाची भरपाई आणि गाडीवरील कर्ज यांपायीं त्या घराचा खाडीकडील भाताचा एक नंबर विकावा लागला. आमची हयात महसूल खात्यांतील कारकुनींत गेली. अशा विक्रीच्या फेरफार नोंदी आम्हीं स्वहस्तें शेंकडों लिहिल्या आहेत. पण ती नोंद वाचतांना आमचे डोळे भरून आले, हें सांगण्यांत आम्हांस लाज वाटत नाहीं.

आतां ही आपत्ति केवळ दुर्दैवाची, असें म्हणून सोडून देतां येत नाहीं. ती यंत्राच्या नियमानेंच आलेली आहे, व तो नियम समजून घेणें कोणाहि वाचकास कठीण नाहीं.

‘अश्वशक्ति’ हा शब्द ऐकून आपण भुलतों. महिंद्रच्या २५२३ घनसेंटिमीटर डिझेल एंजिनाच्या बोलेरो पिकअपचें उदाहरण घ्या. तिची शक्ति सुमारें ७५ अश्वशक्ति. परंतु आंस फिरविण्याचा जो जोर, ज्यास कारागीर टॉर्क म्हणतात, तो सुमारें २०० न्यूटन-मीटर असून मिनिटास दीड-दोन हजार फेऱ्यांतच तो पूर्ण मिळतो. आतां होंडा कंपनीनें १९८९ सालीं जपानांत काढलेलें १६०० घनसेंटिमीटरचें व्हीटेक पेट्रोल एंजिन पाहा. वेगाच्या शौकिनांत तें फार नांवाजलेलें आहे. त्याची शक्ति १६० अश्वशक्ति, म्हणजे दुपटीहून अधिक. परंतु त्याचा टॉर्क सुमारें १५० न्यूटन-मीटरच, आणि तोहि मिनिटास ७००० फेऱ्यांच्या घरांत. पोत्यांनीं भरलेली गाडी शेताच्या बांधावरून उचलतांना सात हजार फेऱ्या देऊं पाहणारा चालक एक तर क्लच जाळील, नाहीं तर चिखलांत चाकें फिरवीत बसेल. गिअरांची मांडणी बदलून हा जोर वाढवितां येतो हें खरें. पण मग तितकीच धांव कमी होते, आणि ज्या धांवेसाठीं हा सारा खटाटोप केला ती हातची जाते.

कोणी म्हणेल, आम्ही टॉर्कहि भरपूर असलेलें मोठें एंजिन आणूं. आणावें, पण तो जोर पुढें जाणार कोठें? एंजिनापासून क्लच, क्लचापासून गिअरबॉक्स, तेथून लांब शाफ्ट, मग डिफरन्शियल, मग आंस, आणि शेवटीं चाक, अशी ही सांखळी आहे. कारखानदारानें प्रत्येक कडी मूळच्या एंजिनाच्या मापानें घडविलेली असते. नव्या एंजिनाबरोबर त्याचा गिअरबॉक्स आणला तरी शाफ्ट व डिफरन्शियल जुनेंच राहतें. आपल्या खारभूमीच्या शेतकऱ्यास हें एका दाखल्यानें कळेल. बंधारा दोन हात उंच केला आणि उघाडी मात्र जुनीच कुजकी ठेवली, तर उधाणाचें पाणी बंधाऱ्यावरून येत नाहीं. तें उघाडी फोडून आंत शिरतें, आणि खाचर मिठागर होऊन बसतें. बंधाऱ्याचें बळ उघाडीच्या फळीइतकेंच, आणि गाडीचें बळ तिच्या सर्वांत अशक्त कडीइतकेंच.

ब्रेकांची गोष्ट याहून गंभीर आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला म्हणजे ती थांबविण्यास जी शक्ति जिरवावी लागते ती दुप्पट होत नाहीं, चौपट होते. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी भरलेली गाडी ज्या ब्रेकांनीं सुरक्षित थांबते, त्याच ब्रेकांना ८० च्या वेगास चौपट उष्णता सोसावी लागते. शिवाय पुढें वजन वाढलें तर पाटे दबतात व सुकाणूची चाल बदलते; रेडिएटर लहान पडला तर एंजिन तापून हेड वांकडें होतें. अलीकडच्या एंजिनांस तर एक संगणकी मेंदूहि असतो. त्यास मूळ मोटारीची किल्ली, तिच्या चाकांचा वेग, तिच्या तारांचें जाळें, सर्व कांहीं ओळखीचें लागतें. परक्या गाडींत तो अडून बसतो. मग त्यास फसविण्याकरितां तारा कापणें व जोडणें सुरू होतें, आणि गाडीस आग लागण्याचें तें एक कारण होऊन बसतें.

याचा अर्थ मोटारीचें एंजिन भारवाहू गाडींत कधीं चालतच नाहीं असा नव्हे. आपल्याच महाराष्ट्रांत याचीं उत्तम उदाहरणें आहेत. महिंद्र कंपनीनें १९७९ सालीं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं करार करून त्यांचें एक्सडीपी डिझेल एंजिन येथें बनविण्याचा परवाना मिळविला. प्यूजोच्या मोटारींतील डिझेल एंजिनाच्याच कुळांतलें तें एंजिन आपल्या जीपगाड्यांत वर्षानुवर्षें चाललें. पुण्याजवळच्या आकुर्डी येथील बजाज टेंपो कारखान्यानें, जो २००५ पासून फोर्स मोटर्स या नांवानें ओळखला जातो, जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ २४० डी या मोटारींतील ओएम ६१६ एंजिन परवान्यानें बनवून ट्रॅक्स व ट्रॅव्हलर या गाड्यांस बसविलें. गांवोगांवच्या वडाप गाड्यांत बसलेल्या आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं या एंजिनाचा आवाज ऐकला असेल. परंतु येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. हीं एंजिनें शर्यतीचीं नव्हतीं. २४० डी ही मोटार जर्मनींत टॅक्सी म्हणून लाखों किलोमीटर चालण्याविषयीं प्रसिद्ध होती, धांवण्याविषयीं नव्हे. दुसरें असें कीं, कारखान्यांनीं नुसतें एंजिन बदललें नाहीं. गिअर, आंस, ब्रेक, थंड ठेवण्याची व्यवस्था हीं सर्व त्याच्या मापानें योजिलीं.

खुद्द शर्यतीच्या मोटारीचें एंजिन पिकअपला बसविण्याचाहि प्रयोग एका मोठ्या कारखान्यानें करून पाहिला आहे. अमेरिकेंतील डॉज कंपनीनें आपल्या व्हायपर या वेगवान मोटारीचें दहा सिलिंडरांचें, ८.३ लिटरचें, ५०० अश्वशक्तीचें एंजिन राम या पिकअपमध्यें घातलें, आणि २००४ सालीं तिनें ताशीं सुमारें २४९ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. पण त्यासाठीं कंपनीनें गिअरबॉक्स, मागचा आंस, ब्रेक, चाकें, धक्के सोसणारे दांडे हें सर्व बदललें. आणि एवढें करून फळ काय? ती गाडी साध्या राम पिकअपहून कमी ओझें वाही. २००६ नंतर ती बनविणें बंद झालें. ज्या धन्याजवळ अपार पैसा, शेंकडों अभियंते व चांचणीचीं मैदानें आहेत, त्यासहि वेग आणि ओझें हीं दोन्हीं एका गाडींत नांदवितां आलीं नाहींत. तें आपण एका छपराखालीं, एका साखळी-पुलीनें, पंधरा दिवसांत साधूं म्हणणें हें धाडस नव्हे, भ्रम आहे.

आतां कागदाविषयीं. सातबाऱ्यावर नांव एकाचें आणि वहिवाट दुसऱ्याची असली म्हणजे काय तंटे माजतात हें शेतकऱ्यास सांगावयास नको. गाडीचें नोंदणीपत्र हा तिचा सातबारा होय. ज्या गाड्यांच्या पाटीवर एम. एच. ०६ असतें त्यांची नोंद पेणच्या परिवहन कार्यालयांत असते, व तींत एंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें, कारखानदारानें मूळ दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणांत हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा बेकायदा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीं, अशी शिक्षा ठेविली. दंड तर एक वेळ भरतां येईल. पण अपघात झाला आणि विम्यानें हात वर केले, तर दुसऱ्याच्या जिवाची भरपाई घरादारावर येते. फेरफार न नोंदतां केलेला व्यवहार जसा एके दिवशीं अंगावर येतो, तसेंच हें आहे.

यावर आमचे तरुण मित्र म्हणतात कीं, खेड्यांतील कारागिराच्या बुद्धीस हा कायदा मारून टाकतो. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें कै. यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव. तेथील लोहारकाम करणारे श्री. दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतील भाग जमवून सुमारें साठ हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी एक चिमुकली चारचाकी गाडी मुलाच्या हौसेसाठीं बनविली. डिसेंबर २०२१ मध्यें तिची कीर्ति श्री. आनंद महिंद्र यांच्यापर्यंत गेली. त्यांनीं कारागिराची वाखाणणी केली. पण त्याबरोबर, ही गाडी नियमांत बसत नसल्यानें आज ना उद्यां अधिकारी ती रस्त्यावरून काढतील हेंहि सांगितलें, आणि तिच्या बदल्यांत बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती अदलाबदल झाली. हा प्रसंग आम्हांस फार बोधप्रद वाटतो. गुणाचा गौरव झाला, आणि नियमहि राहिला. परंतु प्रत्येक खेड्यांतील कारागिराच्या दारीं बोलेरो घेऊन कोणी उद्योगपति येणार नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

आम्ही जुन्या मताचे म्हणून नव्यास विरोध करतों, असा आरोपहि आमच्यावर होईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमिनींत विष कालवतें अशी भीति शेतकऱ्यांनीं धरली होती. त्या भित्र्या लोकांच्या रांगेंत बसण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु किर्लोस्करांचा नांगर बैलाच्या ताकदीस, शेतकऱ्याच्या हातास आणि आपल्या मातीस मोजून घडविलेला होता. जो नवा उपाय मोजून येतो त्याचें आम्ही स्वागत करतों. जो नुसता दिपवून येतो त्यास दारांत उभा करून चार प्रश्न विचारतों, इतकेंच.

तर मग एंजिन झिजलेल्या शेतकऱ्यानें करावें काय? आमच्या मतें प्रथम तेंच एंजिन खोलून दुरुस्त करून घ्यावें. चांगला कारागीर व अस्सल भाग मिळाले तर तें पुन्हां वर्षानुवर्षें चालतें. तें अगदींच गेलेलें असेल तर त्याच बनावटीचें व त्याच जातीचें दुसरें एंजिन, खरेदीची पावती घेऊन, परिवहन कार्यालयाची मंजुरी आधीं मिळवून बसवावें, व नवा क्रमांक नोंदणीपत्रांत आणि विमापत्रांत चढवून घ्यावा. इंधनाचा खर्च जड जात असेल तर सी. एन. जी. अथवा विजेवर चालविण्याकरितां मान्यता मिळालेले संच आहेत. कायद्यानें त्यांस ठरावीक अटींवर वाट मोकळी ठेविली आहे. आणि ज्याच्या हातांत खरोखरच कला आहे त्यानें ती रस्त्यावर न दाखवितां आवारांत दाखवावी. जुन्या एंजिनावर पाण्याचा पंप, मळणीचें यंत्र, चारा कापण्याचें यंत्र चालविणें यांत बुद्धीस भरपूर वाव आहे. आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार नौकांत ट्रकच्या जातीचीं एंजिनें चालतात. कारण तेथें एकाच गतीनें दीर्घकाळ ओढण्याचें काम असतें, आणि ट्रकचें एंजिन त्याच कामाचें आहे. एंजिनाची जात आणि कामाची जात जुळली, कीं अदलाबदल सुखाची होते.

सरकारासहि आमची एक विनंती आहे. पुण्यास १९६६ पासून मोटारगाड्यांची चांचणी घेणारी संशोधन संस्था आहे. तिच्या कसोट्या मोठ्या कारखान्यांच्या मापाच्या आहेत. एकच गाडी किंवा एकच अवजार बनविणाऱ्या खेड्यांतील लोहारास त्या परवडण्यासारख्या नाहींत. शेतापुरत्या, मंद गतीच्या वाहनांसाठीं स्वतंत्र, स्वस्त व सोपी कसोटी ठरवावी, आणि ती तालुक्याच्या ठिकाणीं घेतां यावी. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं राजस्थानांतील एका प्रकरणांत असा निर्णय दिला कीं, उत्तरेकडे ‘जुगाड’ म्हणून चालणारी गाडी हीहि मोटार वाहनच असून तिला नोंदणी व विमा चुकत नाहीं. न्याय योग्यच आहे. परंतु ज्यास दार बंद केलें त्यास दुसरें दार दाखविणें हें सरकाराचें काम आहे. नाहीं तर तो कुंपणावरून उडी मारतो, आणि पाय मोडतो तो बिचाऱ्या मजुराचा.

आमच्या सोसायटीनेंहि हातावर हात ठेवून बसूं नये. वर्षांतून एकदां, भातकापणीनंतर लोक मोकळे असतात तेव्हां, परिवहन कार्यालयांतील अधिकारी व एक जाणता कारागीर बोलावून सभासदांच्या गाड्यांचे कागद, ब्रेक व पाटे तपासण्याचा एक दिवस ठरवावा. खर्च थोडा, आणि वाचलेल्या एका जिवाचें मोल सर्व खर्चाहून मोठें. ज्यांची गाडी दुरुस्तीस असेल त्यांच्यासाठीं सोसायटीनें एक सामाईक पिकअप ठेविली, तर हंगामांत माल अडकेल या धास्तीनें कोणी उतावळेपणाहि करणार नाहीं. कारण आम्हीं पाहिलें आहे कीं, अशा बहुतेक चुकांच्या मुळाशीं हौस थोडी आणि घाई पुष्कळ असते.

शेवटीं त्या तरुणाविषयीं. तो आतां दुसऱ्याची गाडी पगारावर चालवितो, आणि रिकाम्या वेळांत गांवचे पॉवर टिलर दुरुस्त करतो. त्या कामांत त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाहीं. भंगारांतून आणलेलें तें एंजिन त्याच्या पडवींत ताडपत्रीखालीं पडून आहे. परवां आम्ही त्याच्या घरीं गेलों असतां तो म्हणाला, “काका, एंजिनांत खोट नव्हती. तें ज्या गाडीचें होतें त्या गाडींत तें शोभत होतें.” आम्हीं त्यास कांहीं उत्तर दिलें नाहीं. जें सांगण्यास आम्हांस इतकीं पानें लागलीं, तें त्यानें एका वाक्यांत सांगितलें होतें. मात्र त्या वाक्याची किंमत एक सर्व्हे नंबर पडली. आमच्या वाचकांस तें फुकट मिळत आहे. त्यांनीं तें पदरीं बांधावें, एवढीच विनंति.